२४ वर ठेवलेल्या ऑटो एसीत आत काय चालतं, आणि कॉम्प्रेसर बदलायच्या आधी डॅशबोर्डवर काय ठेवलंय ते का बघायचं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. पुण्यातल्या एका दादांनी सेकंडहँड सेडान घेतली, टॉप मॉडेल, ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलवाली. आधीची गाडी साध्या गोल नॉबवाली होती. त्यांचं म्हणणं असं की २४ वर ठेवून ऑटो दाबलं की सुरुवातीला ब्लोअर बोंबलतो, दहा मिनिटांनी आपोआप मरगळतो, आणि भर दुपारी उन्हात छातीवर ऊन येत असताना गाडी म्हणावी तशी गार राहत नाही. संध्याकाळनंतर सगळं ठीक. तापमान एकदम खाली लो वर नेलं तर दुपारीसुद्धा कडक गार. पावसात एकदा पायाशी कोमट हवा आली म्हणून घाबरले. गॅरेजवाल्याने आधी गॅस कमी आहे म्हणून भरला, फरक शून्य, आणि आता तो म्हणतोय कॉम्प्रेसर बदला. शेवटी विचारलंय की त्यापेक्षा १८ वर ठेवून ब्लोअर हाताने कमी केला तर चालेल का.

मी अकोल्यात गेली बावीस वर्षं गाड्यांच्या एसीचंच काम करतो, दुसरं काही येत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो त्यामुळे धंदा बरा चालतो, लपवण्यात अर्थ नाही. तर दादा, कॉम्प्रेसर बदलू नका. का ते सांगतो, पण त्यासाठी आधी आत काय चालतं ते कळायला पाहिजे.

साध्या एसीत काय असतं बघा. कूलिंग कॉइल हवा गार करते, तिच्या पुढे हीटरची कॉइल असते ज्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरतं, आणि दोघींच्या मध्ये एक प्लास्टिकचा फ्लॅप. तुम्ही निळ्या-लाल पट्ट्यावर नॉब फिरवता तेव्हा गॅस कमीजास्त होत नाही, हा फ्लॅप सरकतो. पूर्ण निळ्याकडे म्हणजे सगळी हवा कॉइलवरून सरळ तोंडावर, थोडं लालकडे म्हणजे त्यातली थोडी हवा हीटरवरून फिरून येते आणि मिसळते. कॉइल मात्र आपली थंडच असते, तिच्यावर बर्फ धरू नये म्हणून ३-४ डिग्रीला कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, कट होतो एवढंच. म्हणजे साध्या एसीत तापमान कोण सांभाळतं? तुम्हीच. गार वाटलं की नॉब फिरवला, उकडलं की परत फिरवला, ब्लोअर एक-दोन-तीन-चार. सेन्सर म्हणजे तुमची कातडी आणि मोटर म्हणजे तुमचा हात.

ऑटोमध्ये पाइप तेच, कॉइल तीच, कंडेन्सर (गाडीच्या तोंडाशी असलेली, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) तोच, फ्लॅपसुद्धा तोच. फक्त नॉब फिरवणारा हात काढून तिथं छोटी मोटर बसवलीय, आमच्याकडे तिला सर्वो म्हणतात, आणि कातडीच्या जागी चार-पाच सेन्सर. ही काही कालची गोष्ट नाही, कॅडिलॅकने १९६४ सालच्या गाड्यांत असं थर्मोस्टॅटवालं सेट-करा-आणि-विसरा दिलं होतं, तेव्हा काँप्युटर नव्हता, फ्लॅप इंजिनच्या व्हॅक्यूमवर हलायचे. आता सगळं एका छोट्या बॉक्समध्ये, म्हणजे एसीच्या काँप्युटरमध्ये, आलंय.

सेन्सर कुठं कुठं असतात ते माहीत असू द्या, कारण निम्मे घोळ तिथंच होतात. पहिला केबिनचा, डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या आसपास किंवा एसीच्या पॅनलजवळ नखाएवढी बारीक जाळी दिसते, तो. बरेच लोक तिला माइक समजतात (माइकची जाळी वेगळी असते, ती बहुतेक वर छताकडे). तिच्या मागे एक बारीक थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा तुकडा, असतो आणि महत्त्वाचं म्हणजे त्याच्यावरून केबिनची हवा सतत ओढली जाते, कुठल्या गाडीत छोटा पंखा असतो तर कुठल्या गाडीत ब्लोअरच्या हवेच्या जोरावर एक नळी ती हवा खेचते. ही ओढ बंद पडली की सेन्सर केबिनची हवा मोजतच नाही, तापलेल्या डॅशबोर्डचं प्लास्टिक मोजतो. दुसरा बाहेरचा, पुढच्या बंपरच्या मागे. तिसरा उन्हाचा, काचेजवळ डॅशबोर्डवर छोटा काळा घुमट किंवा चपटी टिकली असते, त्यात फोटोडायोड असतो, ऊन किती पडतंय ते सांगतो. चौथा कूलिंग कॉइलच्या पत्र्यांत खोचलेला. शिवाय कूलंट किती तापलंय आणि गॅसचं प्रेशर किती आहे हे पण बॉक्सला कळतं. काही गाड्यांत काचेवर आर्द्रतेचा सेन्सरही असतो.

आता मुख्य मुद्दा, आणि लोक इथंच चुकतात. तुम्ही २४ टाकलं म्हणजे हवा येते त्या एसीच्या जाळीतून २४ डिग्रीची हवा येते असं नाही. २४ हे केबिनचं टार्गेट आहे. ते गाठायला आत्ता जाळीतून किती तापमानाची हवा सोडावी लागेल याचा हिशोब बॉक्स दर काही क्षणांनी करत बसतो. त्या हिशोबाचा सांगाडा बहुतेक कंपन्यांत असाच असतो: तुमचा सेट केलेला आकडा गुणिले काहीतरी, त्यातून केबिनचं तापमान गुणिले काहीतरी वजा, बाहेरचं गुणिले काहीतरी वजा, उन्हाचं काहीतरी वजा, आणि एक ठरलेला आकडा वजा. गुणक प्रत्येक गाडीचे वेगळे, पण समजण्यापुरते मी सेटसाठी ७, केबिनसाठी ३, बाहेरसाठी १.१ आणि ठरलेला आकडा ४५ धरतो.

तुमची गाडी कंपनीच्या पार्किंगमध्ये दुपारी उन्हात उभी होती, आत ५५, बाहेर ३६, उन्हाचे १५ धरू. २४ गुणिले ७ म्हणजे १६८, त्यातून १६५ गेले, ३९.६ गेले, १५ गेले, ४५ गेले, उत्तर येतं उणे ९६ च्या पुढे. उणे ९६ डिग्रीची हवा कोण देणार? कोणीच नाही. बॉक्सला त्यातून एवढंच कळतं की जेवढं आहे तेवढं सगळं लावा: फ्लॅप पूर्ण थंडीकडे, ब्लोअर फुल्ल, हवा तोंडावर, बाहेरची हवा बंद आणि आतलीच फिरवा. म्हणून तो सुरुवातीला बोंबलतो. आता हाच हिशोब १८ टाकून करा. उणे १३८ येईल. त्याचाही अर्थ तोच, जेवढं आहे तेवढं लावा. म्हणजे पहिली दहा मिनिटं १८ आणि २४ मध्ये काडीचा फरक पडत नाही, गाडी तेवढ्याच वेगाने गार होते. हे मी रोज कोणाला ना कोणाला सांगतो आणि रोज लोक मान हलवून परत १८ लाच ठेवतात.

पुढे केबिन २५ ला आली की उत्तर उणे सहा-सातवर येतं, अजूनही पूर्ण थंड पण ब्लोअर थोडा खाली. सूर्य मावळला, बाहेर ३० झालं की तेच उत्तर १५ येतं, मग फ्लॅप थोडा हीटरकडे सरकतो आणि ब्लोअर एकदम हळू होतो. ते मरगळणं म्हणजे बिघाड नाही, काम झालंय. ब्लोअरचा वेग या उत्तराशी बांधलेला असतो, फार थंड हवा पाहिजे असेल तर जोरात, फार गरम पाहिजे असेल तरी जोरात, मधल्या भागात अगदी हळू. कागदावर काढलं तर बादलीसारखा आकार येतो.

पावसातली कोमट हवा पण याच हिशोबात बसते. बाहेर २२, केबिन २४, ऊन नाही: १६८ मधून ७२, २४.२ आणि ४५ काढा, २६.८ राहतात. म्हणजे केबिन २४ वर टिकवायची असेल तर जरा कोमट हवाच सोडावी लागणार, आणि गरम हवा पायाकडून सोडायची हा नियमच आहे कारण ती आपोआप वर येते. तुम्ही २४ मागितलं, त्याने २४ दिलं, त्यात घाबरायचं काही नाही. चिखलदऱ्याला डिसेंबरात पहाटे गाडी चालू केली, बाहेर १०, आत १२, तर उत्तर ७६ येतं. तेव्हा आणखी एक गंमत होते, ऑटो दाबूनही ब्लोअर फिरतच नाही किंवा अगदी नावाला फिरतो. आमच्याकडे एकजण तिथून फोन करून विचारत होते, "भाऊ, बटन तर दाबलं, पंखा काऊन नाही फिरून राह्यला?" कूलंट अजून थंड आहे, हीटर थंड आहे, आत्ता ब्लोअर जोरात लावला तर पायावर गार वारा येईल म्हणून बॉक्स वाट बघतो. पाच-सात मिनिटं चालवा, फिरतो. उन्हाळ्यातही काही गाड्या चालू केल्यावर ब्लोअर काही सेकंद थांबवून धरतात, तापलेली हवा एकदम तोंडावर नको म्हणून.

आता तुमच्या दुपारच्या तक्रारीकडे येऊ. संध्याकाळी ठीक आणि दुपारी कमी, हे लक्षण ऐकलं की कुठल्याही एसीवाल्याच्या डोक्यात आधी कंडेन्सर येतो: समोरची जाळी चिखलाने भरलीय, पंखा स्लो आहे किंवा गॅस कमी आहे, आणि दुपारच्या उष्म्यात ते उघडं पडतं. तुमच्या गॅरेजवाल्यालाही तेच वाटलं असेल, त्याला मी पूर्ण दोष देत नाही. पण तुम्हीच लिहिलंय की दुपारी लो केलं की कडक गार होतं, आणि सगळं उत्तर या एका ओळीत आहे. लो म्हणजे बॉक्स हिशोब सोडून देतो, सेन्सर काहीही म्हणोत, फ्लॅप पूर्ण थंडीकडे आणि ब्लोअर फुल्ल. लो वर भर दुपारी कडक गार होत असेल तर गॅस, कॉम्प्रेसर, कंडेन्सर, पंखा सगळे आपलं काम करतायत. चूक हिशोबात आहे, म्हणजे हिशोबाला आकडे देणाऱ्या सेन्सरमध्ये. उलट लो वर पण कोमट येत असेल तर सेन्सर नंतर बघा, आधी प्रेशर आणि फ्लॅप बघा. ही टेस्ट फुकट आहे, घरी होते, आणि मला विचाराल तर ऑटो एसीच्या निम्म्या तक्रारी इथंच दोन ढिगांत पडतात.

कुठला सेन्सर ते आता लक्षणावरून ओळखू. ऊन असताना कमी गार आणि ऊन गेलं की बरोबर. वरचाच हिशोब उन्हाचे १५ न धरता करा: केबिन २५, बाहेर ३६, उत्तर उणे ६.६ च्या जागी अधिक ८.४. म्हणजे केबिनची हवा २५ झालीय खरी, पण काचेतून छातीवर, मांडीवर जे ऊन पडतंय त्याचा पत्ताच बॉक्सला नाही, तो समजतो झालं काम आणि ब्लोअर खाली आणतो, थोडी गरम हवा मिसळायला लागतो. तुम्ही मात्र भाजताय. तर दादा, डॅशबोर्डवर काचेजवळ काय ठेवलंय तुम्ही?

विचारतोय कारण दोन वर्षांपूर्वी अगदी हीच तक्रार घेऊन एक ग्राहक आले होते, गाडी अशीच सेकंडहँड. दोन ठिकाणी गॅस भरून झालेला. मी गेज लावले, प्रेशर एकदम बरोबर. लो वर एसीच्या जाळीत थर्मामीटर धरला, मस्त गार. मग स्कॅनर (गाडीच्या काँप्युटरला जोडून सेन्सरचे आकडे वाचायचं मशीन) लावून लाइव्ह डेटा बघितला तर बाहेर दुपारचे दोन वाजलेत, टळटळीत ऊन, आणि उन्हाच्या सेन्सरचं रीडिंग जवळपास शून्य. डॅशबोर्डवर मध्ये हिरवं मखमली मॅट चिकटवलेलं, त्यावर गणपती बाप्पा, शेजारी अत्तराची बाटली. मॅटचा कोपरा उचलला तर खाली सेन्सर. बाप्पांना नमस्कार करून चार बोटं डावीकडे सरकवलं, मॅटला कात्रीने रुपयाएवढं भोक पाडलं, पाच मिनिटांत ब्लोअरने आपोआप जोर धरला. ग्राहक म्हणाले, "म्हंजे इतके दिवस बाप्पानंच ऊन अडवून ठेवलं होतं." पैसे घेताना मला थोडी लाजच वाटली, पण घेतले, स्कॅनरचे आणि तपासणीचे.

तुमच्याकडे मॅट, मूर्ती, पार्किंगचा पास, फास्टॅगचा जुना कागद, मोबाइल होल्डर, काहीही तिथं असेल तर हटवा. काही नसेल आणि तो घुमट नुसता धुळीने माखला असेल तर ओल्या कपड्याने पुसा. तरी फरक नाही तर सेन्सर किंवा त्याची वायर, ते स्कॅनरवर कळेल. याच सेन्सरचा एक गमतीचा किस्सा आहे, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत ऑटोचं आणि आतली हवा फिरवायचं बटण एकत्र दाबून धरून इग्निशन ऑन केलं की एसी स्वतःची तपासणी करतो आणि कोड दाखवतो. आमच्या शेडमध्ये हे केलं की दरवेळी २१ नंबर येतो, म्हणजे उन्हाचा सेन्सर खराब. नवीन आलेल्या पोराने एकदा सेन्सर मागवलासुद्धा होता. गाडी बाहेर उन्हात काढली, कोड गायब. शेडमध्ये अंधार आहे तर त्या बिचाऱ्याने ऊन कुठून दाखवायचं.

आता समजा तुमचं उलटं असतं, म्हणजे संध्याकाळ झाली, ऊन गेलं तरी गाडी बर्फासारखी थंड करत सुटलीय, तर मी केबिनच्या सेन्सरच्या जाळीकडे बघितलं असतं. आमच्या भागात कापूस, जिनिंगमध्ये ज्यांचं रोजचं येणंजाणं त्यांच्या गाड्यांत ही तक्रार फार. एका गाडीच्या त्या नखाएवढ्या जाळीमागून मी चिमट्याने जो गोळा काढला तो अक्षरशः समईची वात होईल एवढा होता, करडा, तेलकट, मध्ये एक केस गुंडाळलेला. हवा ओढायची नळी पूर्ण बंद. सेन्सर दिवसभर तापलेल्या प्लास्टिकचं तापमान सांगत होता, केबिन २२ ला आली तरी हा म्हणतोय ३१, आणि बॉक्स बिचारा अजून थंड करतोय. घरी तपासायचं असेल तर ब्लोअर चालू ठेवून टिश्यू पेपरचा एक पदर सोडवून तो पातळ तुकडा जाळीवर धरा, ओढ असेल तर अलगद चिकटून राहतो. पडला तर नळी निघालीय, पंखा बंद आहे किंवा कचरा आहे. फक्त जाळीतून जोराची हवा मारू नका, आतला थर्मिस्टर बारीक तारांवर लटकलेला असतो.

थर्मिस्टर मीटरवर पण तपासता येतो, तापमान वाढलं की रेझिस्टन्स कमी होतो. टोयोटाच्या बऱ्याच मॉडेलमध्ये केबिन सेन्सर २५ डिग्रीला १.७ किलोओहमच्या आसपास आणि ५० ला साधारण ०.६ दाखवतो. दुसऱ्या कंपन्यांचे आकडे वेगळे, पण केसांचा ड्रायर लांबून दाखवल्यावर रीडिंग सावकाश, न तुटता उतरलं पाहिजे, मध्येच उडी मारली तर तो गेला.

बाहेरच्या सेन्सरबद्दल लोकांचा वेगळाच गैरसमज आहे. बाजारात दहा मिनिटं थांबून गाडी परत चालू केली की डिस्प्लेवर बाहेर ४९ दिसतं, फोटो काढून ग्रुपवर टाकतात. ती रेडिएटरची उष्णता आहे, गाडी उभी असताना ती पुढे येऊन सेन्सरला तापवते. बॉक्सला हे माहीत असतं, बहुतेक गाड्यांत तो वाढलेला आकडा लगेच मानत नाही, गाडी थोडी पळाल्यावर मानतो, कमी झालेला मात्र लगेच मानतो. अडचण तेव्हा येते जेव्हा पुढून टक्कर होते, बंपर बदलला जातो आणि तो सेन्सर नुसता वायरला लोंबकळत राहतो किंवा लावायचाच राहतो. काही गाड्यांत मग आकडाच येत नाही आणि बॉक्स कॉम्प्रेसर चालूच करत नाही. सेकंडहँड गाडीत हे बघायचंच.

सर्वो मोटरची तक्रार कानाने कळते. गाडी चालू करताना किंवा तापमान बदलताना डॅशबोर्डच्या मागून टक-टक-टक असा आवाज येतो आणि दहा-वीस सेकंदांनी थांबतो, तेव्हा आतल्या प्लास्टिकच्या गिअरचा दात तुटलाय. फ्लॅप अर्ध्यात अडकतो. डाव्या-उजव्या बाजूला वेगळं तापमान असणाऱ्या गाडीत मग ड्रायव्हरला गार आणि शेजारी बसलेल्या वहिनींना गरम असा प्रकार होतो आणि घरात भांडण. बॅटरी काढून लावल्यावर काही गाड्यांत हे सर्वो आपली दोन्ही टोकं विसरतात, त्यांना परत शिकवावं लागतं, ते स्कॅनरने किंवा बटणांच्या ठरलेल्या क्रमाने होतं. तुमच्या गाडीत नुकतीच बॅटरी बदलली असेल तर हेही सांगून ठेवा.

गॅसबद्दल थोडं बोलतो कारण राग येतो. गाडीच्या एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता वरून भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत अजून आर १३४ ए असतो आणि छोट्या गाडीत तो सगळा मिळून अर्धा किलोच्या आतबाहेर, नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेला असतो. म्हणजे शंभर ग्रॅमची चूक पण मोठी असते, आणि जास्त झाला तर कमी झाल्यासारखंच गार कमी होतं, वरून कॉम्प्रेसरवर ताण. गेज बघून अंदाजाने टॉप-अप मारण्यापेक्षा जुना गॅस मशीनने काढून, वजन करून, व्हॅक्यूम धरून, मोजून भरायचा. तुमचा एकदा वरून भरलाय, तर तेवढं एकदा करून घ्या, नाहीतर आता जास्त झालेला असायचा.

आणि कॉम्प्रेसर खराब म्हणायला त्याने काय बघितलं तेही विचारा. कारण जुनी सवय अशी की बॉनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा क्लच पडतो-सुटतो तो टक आवाज ऐकायचा. आता अनेक गाड्यांत कॉम्प्रेसर व्हेरिएबल असतो, आतली तिरकी प्लेट कमीजास्त झुकते आणि एक वॉल्व्ह पंपाची क्षमता हवी तेवढी ठेवतो, काहींत क्लचच नसतो, पुली कायम फिरते. तिथं टक आवाज येणारच नाही, आणि ऑटोमध्ये काम कमी असताना प्रेशरमधला फरकही कमी दिसतो. हे न कळल्यामुळे चांगले कॉम्प्रेसर भंगारात गेलेले मी बघितलेत.

या व्हेरिएबलमुळेच १८ की २४ याचं दुसरं उत्तर निघतं. जुन्या पद्धतीत कॉइल ३-४ डिग्रीपर्यंत थंड करायची आणि वर हीटरने परत गरम करायची, हीटरची उष्णता इंजिनची फुकट आहे पण थंड करायला पेट्रोल जळतंच. नव्या गाड्यांत ऑटोवर २४ ठेवलं आणि गरज कमी असली की बॉक्स कॉइललाच ८-१० डिग्रीवर ठेवतो, कॉम्प्रेसर तेवढा हलका चालतो. तुम्ही १८ वर ठेवून ब्लोअर हाताने कमी केलात की हे सगळं घालवलं, तो कायम पूर्ण थंड करायच्या मागे राहणार, आणि ब्लोअरला हात लावलात की बहुतेक गाड्यांत डिस्प्लेवरचं ऑटो जातं. मग ऑटोचे पैसे कशाला दिले? इलेक्ट्रिक गाडीत तर फुकटची उष्णता नसतेच, गरम करायलाही बॅटरीच जाते, तिथं तर आकडा उगाच खालीवर करूच नका.

माझी स्वतःची पद्धत अशी: उन्हात तापलेल्या गाडीच्या सगळ्या काचा खाली, एक-दोन मिनिटं तशीच चालवायची, तापलेली हवा बाहेर, मग काचा वर, ऑटो, २४ किंवा २५, आणि परत बटणाला हात नाही. लांबच्या प्रवासात आतली हवा फिरवायचं बटण हाताने दाबून तासन्‌तास ठेवायचं नाही, चार माणसांच्या श्वासाने झापड येते, ऑटोवर सोडलं तर बऱ्याच गाड्या मधूनमधून बाहेरची हवा घेतात. मुक्काम यायच्या पाचेक मिनिटं आधी फक्त एसीचं बटण बंद करून ब्लोअर चालू ठेवला तर कॉइल सुकते आणि सकाळचा तो ओल्या फडक्याचा वास येत नाही. केबिन फिल्टर ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, तो स्वतः काढून बघा, सेकंडहँड गाडीत त्यात पिंपळाची पानं आणि एकदा तर उंदराचं घरटं निघालंय माझ्याकडे.

कोकणात पावसात जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. काच आतून धुरकट झाली तर पुढच्या काचेचं डीफ्रॉस्ट दाबा, एसी आपोआप चालू होईल आणि होऊ द्या, हवेतलं पाणी तोच काढतो, थंडी वाजली तर तापमान वाढवा पण एसी बंद करू नका. पण कधीकधी वायपर मारल्यावर धुरकटपणा जातो आणि परत येतो, तेव्हा तो बाहेरून असतो, आतून काच फार थंड झालीय म्हणून बाहेरच्या दमट हवेचं पाणी तिच्यावर धरतंय. तिथं उलटं करायचं, काचेवरची हवा बंद करून तोंडाकडे किंवा पायाकडे वळवायची आणि तापमान दोन-तीन डिग्री वर.

तर दादा, आज दुपारी गाडी उन्हात उभी करा, २४ वर ऑटोत पंधरा मिनिटं चालू द्या. ब्लोअर हळू झाला की त्या काळ्या घुमटावर तळहात धरा आणि दोनेक मिनिटं तसाच ठेवा, मग काढा. सेन्सर चांगला असेल तर हात ठेवल्यावर ब्लोअर आणखी खाली येतो आणि काढल्यावर सावकाश वर चढतो, लगेच नाही, कारण झाडाच्या सावल्यांतून जाताना पंखा वरखाली होऊ नये म्हणून तो मुद्दाम सावकाश ठेवलेला असतो. हात ठेवून काढून काहीच हललं नाही तर आधी सेन्सरचा कनेक्टर बघायला सांगा, आणि गॅरेजवाल्याला म्हणावं स्कॅनरवर उन्हाच्या सेन्सरचं लाइव्ह रीडिंग दाखव, मग कॉम्प्रेसरचं बोलू.